मदत हवी आहे: नव्या कामगार संहिता आणि पगारपत्रक

राजेहो, हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब मी बघतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले केंद्राचे नवे कायदे) लागू झाल्या आणि आमचं पगारपत्रक अडकलं.

आमच्याकडे बेसिक ८,००० आणि बाकी १६,००० भत्ते, अशी जुनी मांडणी. आता वगळलेले भत्ते (म्हणजे पीएफसाठीच्या वेतनात न धरले जाणारे) एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरची रक्कम वेतनातच धरायची. म्हणजे वेतन १२,००० आणि पीएफ ९६० वरून १,४४०. मालकाचाही वाटा तेवढाच वाढतो. पोरं विचारतात, "हातात ४८० कमी का?" पुढे ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) वाढेल, हे सांगून किराणा येत नाही ना! मालकांचं म्हणणं, त्यांचा वाढीव वाटाही भत्त्यातूनच कापा. मला ते पटत नाही.

असं कापता येतं का? आणि मुदतीच्या करारावरच्यांना वर्षभरात ग्रॅच्युइटी लागू होते, तर त्यांची २१ नोव्हेंबरआधीची नोकरी त्यात धरायची का? नागपुरात कुणी हे प्रत्यक्ष राबवलं असेल किंवा कामगार कायद्याचा जाणकार वकील माहीत असेल तर कृपया सांगा. सीएसाहेब "थांबा" म्हणतात, पण पगार तर ७ तारखेच्या आत करायचाच आहे.