छापील चिठ्ठी देणारं मतदान यंत्र सगळ्यांना हवं की पेन पुरे?

दशमान
माझं मत: पडद्यावर निवड घेऊन मतपत्रिका छापून देणारी यंत्रं सरसकट ठेवू नयेत. मतदाराने पेनाने खूण करावी, स्कॅनरने मोजावं आणि मग कागद हाताने तपासावेत.

मिशिगन विद्यापीठाने 2020 मध्ये 241 जणांवर केलेला प्रयोग बघा. यंत्र मुद्दाम एक मत बदलून छापत होतं. काही न सांगता सोडलेल्या लोकांपैकी सुमारे 40 टक्क्यांनी कागद निरखला आणि कर्मचाऱ्याकडे चूक नेली ती 6.6 टक्क्यांनी. बाकीचे बदललेले कागद पेटीत गेले की फेरमोजणी कितीही काटेकोर करा, तीच मतं पुन्हा निघणार.

पेनाच्या कागदाची पडताळणी मात्र सरळ आहे. कोणत्या गठ्ठ्यात किती कागद, ही यादी आधी जाहीर करायची, तीही स्कॅनरच्या आकड्यांवरून न करता. मग सर्वांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून 20 अंकी बीज, म्हणजे सोडतीची सुरुवातीची संख्या, ठरवायचं, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात असंच करतात. त्या बीजावरून कोणते कागद काढायचे हे कुणीही स्वतः पडताळू शकतं. चुकीचा निकाल निसटण्याची जोखीम 5 टक्के आणि मतांतला फरक 10 टक्के धरला तर सरासरी 600 कागद पुरतात.

रातकिडा
600 हा सोयीचा आकडा निवडलात. फरक 2 टक्क्यांवर आला की तोच नमुना 15,000 वर जातो, कारण तो फरकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. एकेक कागद त्याच्या स्कॅन नोंदीशी ताडला तर चूक न सापडल्यास 310 च्या आसपास भागतं. पण त्यासाठी प्रत्येक कागदावर क्रमांक हवा. केंद्रावरच्या स्कॅनरने तो ओळीने छापला तर रांग लक्षात ठेवणाऱ्याला कुणी कुणाला मत दिलं ते कळेल. म्हणजे कागद एकत्र मिसळून मध्यवर्ती ठिकाणी पुन्हा स्कॅन करणं आलं.

आणि अंध मतदाराने पेन कसं वापरायचं? यंत्र फक्त त्याच्यासाठी ठेवलंत तर त्या केंद्रावर छापील कागद एकच निघेल. त्याची गुप्तता गेली.

दशमान
यंत्राने वेगळी चिठ्ठी छापायचीच नाही. आधीच छापलेल्या त्याच मतपत्रिकेवर गोल भरायचे. ऑटोमार्क नावाचं यंत्र हेच करत असे. सोबत दोन-चार डोळस मतदारांनीही ते वापरलं म्हणजे झालं. पुन्हा स्कॅन करण्याचा मुद्दा मान्य, तेवढी मेहनत पडते.

सुलेखा
तुम्ही दोघेही चोरीमागे लागला आहात, मतं मांडणीतही मरतात. 2006 साली फ्लोरिडातल्या सारासोटात एका लढतीत सुमारे 18,000 मतदारांचं मतच नोंदलं गेलं नाही आणि निकालाचा फरक होता 369. यंत्राबरोबर कागद नव्हता, त्यामुळे वाद मिटवायला काही हाती नव्हतं. सगळ्यात पटणारं कारण हेच की ती लढत पडद्याच्या वरच्या भागात होती आणि खाली राज्यपालपदाचा ठळक मथळा. नजर थेट तिथेच जाई.

पेनवाल्यांनी एवढ्यात खूश होऊ नये. 2018 मध्ये त्याच राज्यातल्या ब्रोवर्डमध्ये कागदावर सिनेटची लढत डाव्या रकान्यात, सूचनांच्या खाली छापली होती. सूचना कोण वाचतं? हजारोंनी ती लढत कोरी सोडली. सूचनांच्या रकान्यात लढत नको, एका पडद्यावर दोन लढती नकोत, आणि छपाईआधी अनोळखी माणसांकडून नमुना भरून घ्या.

काटेकोर
कागदावर सगळा भार टाकताय, पण पेटी मोजणीपर्यंत बदलली गेली नाही याचा मतदाराकडे काय पुरावा? सांकेतिक पावतीच्या पद्धतीत मत कूटबद्ध होतं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, त्याचा संक्षेप (त्यावरून काढलेली छोटी सांकेतिक खूण) पावतीवर छापला जातो आणि सार्वजनिक फलकावर मतदार तो शोधू शकतो. बेरीज कूटबद्ध मतांचीच होते, सुटं मत कुणी उघडत नाही. यंत्राची परीक्षाही आहे: पावती छापल्यावर मतदार म्हणू शकतो, हे मत टाकू नको, उघडून दाखव. 1 टक्का मतांबाबत कुणी असं केलं आणि यंत्राने 300 मतं फिरवली, तर एकदाही न सापडण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या आत.

दशमान
सापडेल, पण सिद्ध होईल का? मी 'अ' दाबलं, यंत्राने 'ब' कूटबद्ध केलं आणि उघडताना प्रामाणिकपणे 'ब' दाखवलं. गणित अचूक जुळतं! माझा शब्द विरुद्ध यंत्राचा. शिवाय 2014 च्या एका अभ्यासात अशा तीन प्रणाली सामान्य लोकांना वापरायला दिल्या, तेव्हा 58 टक्केच मतं नीट टाकली गेली. आणि निकाल उघडायच्या किल्ल्या? 2025 मध्ये खुद्द गूढलेखनतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची निवडणूक पुन्हा घ्यावी लागली, कारण तीन विश्वस्तांपैकी एकाची किल्ली हरवली.

काटेकोर
किल्लीचा दोष रचनेचा होता, तिन्ही किल्ल्या लागतील असं ठरवलेलं. पाचपैकी कोणत्याही तीन चालतील असं ठरवा, एक हरवली तरी बिघडत नाही. वादाबद्दल तुमचं बरोबर आहे. म्हणून एका यंत्राविरुद्ध ठरावीक तक्रारी आल्या की ते बाजूला काढायचं. आणि मी कागद काढून टाका म्हणालोच नाही, पावती त्याच्या जोडीला हवी.

रातकिडा
ठरावीक म्हणजे किती? तीन ठेवल्या तर तिघे संगनमताने केंद्र बंद पाडतील. तीस ठेवल्या तर, वरच्या 6.6 टक्क्यांच्या हिशेबाने, साडेचारशे मतं फिरेपर्यंत यंत्र चालूच. आकडा कमीच ठेवा, पण प्रत्येक केंद्रावर सगळ्या मतदारांना पुरतील इतक्या छापील मतपत्रिका आणि पेनं आधीपासून हवीत, म्हणजे यंत्र काढलं तरी रांग थांबणार नाही.

दशमान
एवढं सगळं ठेवलंच आहे तर सकाळपासून तेच वापरू द्या की!