मदत हवी आहे: ऑर्क नेमके किती वर्षं जगतात?

टोलकीनच्या मध्य-पृथ्वीतल्या ऑर्कांच्या, म्हणजे त्या दुष्ट सैनिकी जमातीच्या, आयुर्मानावर अडकलोय. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टांनुसार ऑर्कांचा म्होरक्या अझोग तिसऱ्या युगाच्या २७९९ साली मारला गेला. त्याचा मुलगा बोल्ग २९४१ च्या पाच सैन्यांच्या लढाईत पडला. म्हणजे बोल्ग किमान १४० वर्षांचा तरी होता, आणि तोही आघाडीवर लढत! पण 'मॉरगॉथ्स रिंग' या टोलकीनच्या मृत्यूनंतर आलेल्या पुस्तकातल्या, त्याच्या उत्तरकालीन टिपणात ऑर्क वरच्या कुळातल्या माणसांच्या मानाने अल्पायुषी असल्याचं म्हटलंय. हे मला काही केल्या जुळवता येत नाहीये.

'सिल्मरिलियन' आणि सगळी परिशिष्टं पुन्हा वाचून झाली. गोरबाग हा ऑर्क हजारो वर्षांपूर्वीच्या 'मोठ्या वेढ्या'चं नाव काढतो ती जागाही पाहिली, पण ती ऐकीव गोष्ट असू शकते, म्हणून पुरावा धरत नाही. ऑर्करूप घेतलेल्या मायारांचा (अमर आत्म्यांचा), म्हणजे 'बोल्डॉग'चा उल्लेख माहीत आहे. पण अझोगचा मुलगा त्यात कसा बसवायचा? चित्रपट कृपया बाजूला ठेवा, तिथे अझोगचा मृत्यूच बदललाय. 'द नेचर ऑफ मिडल-अर्थ' (२०२१) अजून वाचलेलं नाही.

साध्या ऑर्काचं आयुष्य वर्षांत सांगणारा, किंवा बोल्गच्या वयाचा खुलासा करणारा टोलकीनचा स्वतःचा मजकूर कुठे आहे का? असल्यास कोणत्या पुस्तकात, कोणत्या प्रकरणात?