मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये व्हिसावर असताना सरकारी खर्चाने आयव्हीएफ मिळतं का?

नमस्कार मंडळी,

एरवी इथे फक्त पाककृती वाचायला येते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय खाजगी आहे म्हणून नवीन आयडी घेतलाय, समजून घ्या.

माझं वय ३७, नवरा ४३. माझा स्किल्ड वर्कर व्हिसा, तो डिपेंडंट. तीन वर्षं प्रयत्न चालू आहेत. जीपीने (इथल्या फॅमिली डॉक्टरने) रेफरल दिलं, मग एएमएच (बीजसाठ्याची रक्ततपासणी), गर्भनलिकांचा एक्स-रे, नवऱ्याची तपासणी, सगळं एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) झालं, एक पेनीही न देता. निदान: एक नळी बंद, दुसरीचाही भरवसा नाही. डॉक्टर म्हणाल्या, आता आयव्हीएफच.

पुढच्या भेटीत नर्सने फॉर्म फिरवून माझ्यासमोर ठेवला आणि पेनाच्या टोकाने एका चौकटीवर टिचकी मारली. आयएलआर (इथे कायम राहण्याचा परवाना) आहे का? नाही. मग सरकारी खर्चाने होणार नाही. म्हटलं, अहो, हेल्थ सरचार्ज (व्हिसाबरोबर एनएचएससाठी भरायची रक्कम) भरलाय की! मार्च २०२४ मध्ये व्हिसा घेताना माणशी वर्षाला १,०३५ पौंड, पाच वर्षांचे दोघांचे मिळून १०,३५० एकरकमी मोजलेत. पगारातून टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स जातो तो वेगळाच. ती बिचारी म्हणाली, नियम आम्ही केलेला नाही.

घरी येऊन शोधलं. ऑगस्ट २०१७ पासून इंग्लंडमध्ये सरचार्ज भरणाऱ्यांच्या सोयींमधून हे उपचार वगळलेत. बाळंतपण मात्र त्यात आहे. म्हणजे दिवस गेले तर सगळं फुकट, दिवस जावेत म्हणून काही केलं तर बिल!

आयएलआर मिळेल तो मार्च २०२९ मध्ये, तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली असेन. त्यातून ब्रिटिश सरकारच्या मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत आयएलआरसाठी पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव आला, ती टांगती तलवार आहेच. आई म्हणते, पुण्याला ये, इथे करून टाकू. पण पुण्यात एक सायकल (आयव्हीएफची एक फेरी) केली आणि जमलं नाही, तर पुढे एनएचएसमध्ये ती माझ्या खात्यावर मांडतात का? की थांबावं? जाणकारांनी सांगा.

उंबरठा: मांडतात. नाइसच्या (एनएचएससाठी उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या संस्थेच्या) २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत चाळिशीच्या आत तीन पूर्ण सायकल म्हटलंय, पण आधी केलेल्या, मग त्या स्वतःच्या पैशाने का असेनात, त्या तीनातून वजा. ४० ते ४२ मध्ये एकच, आणि तीही आधी कधीच आयव्हीएफ केलेलं नसेल तर. बरं, या नुसत्या सूचना. पैसे किती सायकलचे द्यायचे ते तुमच्या भागाचं आयसीबी (एनएचएसचं स्थानिक मंडळ) ठरवतं, आणि बरीचशी एकावरच हात आखडता घेतात. पिनकोड बदलला की नशीब बदलतं.

चहाबाज: इकडेही सरकारी खर्चाच्या नावाने फार काही नाही हो. आयुष्मान भारतमध्ये वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत. गोव्यात बांबोळीच्या जीएमसीत (सरकारी मेडिकल कॉलेजात) मोफत आयव्हीएफ सुरू झालंय, पण तुम्हाला पुण्यात खाजगीच करावं लागेल. एक सांगतो, नीट ध्यानात ठेवा: भ्रूण इथे गोठवून ठेवलेत तर ते उचलून तिकडे नेता येत नाहीत. २०२१ च्या एआरटी कायद्यानुसार स्वतःचे असले तरी राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. म्हणजे प्रत्येक ट्रान्सफरला (भ्रूण गर्भाशयात सोडायला) विमानाचं तिकीट धरून हिशेब करा.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. भ्रूणांचं माहीतच नव्हतं. एक गोष्ट वर लिहिली नाही, उगाच फाटे फुटतील म्हणून. नवऱ्याचं हे दुसरं लग्न. पहिल्या लग्नाची मुलगी ११ वर्षांची, नाशिकला तिच्या आईकडे असते. याने फरक पडतो का?

उंबरठा: अहो ताई, हे आधी सांगायचं! खूप फरक पडतो. इंग्लंडमधली बहुतेक आयसीबी दोघांपैकी कुणालाही आधीचं मूल असेल तर पैसे देत नाहीत, मग ते मूल कुठेही राहत असो. स्कॉटलंडमध्ये जोडप्यातल्या एकाला स्वतःचं मूल नसलं तरी चालतं, पण म्हणून कुणी एडिंबरात बिऱ्हाड हलवत नाही. व्हिसाचं सोडा, आज रात्री तुमच्या आयसीबीच्या संकेतस्थळावरचं धोरण काढून वाचा.

चहाबाज: +१. आणि आधीचं मूल तुमचं नाही, नवऱ्याचं आहे, हा युक्तिवाद तिथे चालत नाही. माझ्या मावसबहिणीने करून पाहिलाय.

धागाकर्ती: पीडीएफ सापडली. चौथ्या पानावर आहे, सध्याच्या किंवा आधीच्या नात्यातलं हयात मूल, दोघांपैकी कुणाचंही. दत्तकसुद्धा धरलंय. म्हणजे आयएलआर हातात असता तरी त्या नर्सने पुढच्या चौकटीवर टिचकी मारलीच असती. मी तीन वर्षं थांबायचा विचार करत होते!

नवऱ्याने वाचलं आणि बराच वेळ बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, तुझी लेक म्हणजे काय चूक आहे का? आत ये, थंडी आहे.

जानेवारीची पुण्याची तिकिटं बघतोय. सहा आठवड्यांची रजा, त्यातली दोन बिनपगारी. कोथरूड-कर्वेनगर भागातल्या डॉक्टरांचा कुणाला स्वतःचा अनुभव असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, आणि औषधांसकट खर्च किती आला तेही मोकळेपणाने लिहा. पॅकेजच्या जाहिरातींत इंजेक्शनं धरलेली नसतात, एवढं एव्हाना कळलंय.