मदत हवी आहे: जुमला १.५ वरची साइट हलवायची कशी?

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहायलोय. एका कॉलेजची साइट गळ्यात पडलीय. जुमला १.५, म्हणजे साइट चालवायचं सॉफ्टवेअर, तेही जुनं! या आवृत्तीचा सपोर्ट २०१२ मध्येच संपला. होस्टिंगवाला म्हणतो, पीएचपी ५.६ (जुमला ज्या भाषेवर चालतं ती) महिनाअखेर बंद. त्याचंही चुकत नाही, ५.६ चे सुरक्षा अपडेट २०१८ ला थांबलेत. लोकल मशीनवर पीएचपी ७ टाकून बघितलं तर नुसतं पांढरं पान. मॉड्यूलमध्ये जागोजागी डेटाबेसशी बोलणारे जुने मायएसक्यूएल फंक्शन आहेत, ते ७ मधून काढूनच टाकलेत.

खरी डोकेदुखी वेगळीच. दीड हजारेक नोटिसा कुणीतरी श्रीलिपीत (युनिकोड नसलेला जुना फॉन्ट, तो मशीनवर असेल तरच अक्षरं दिसतात) टाइप करून तशाच चिकटवल्यात. कॉलेजच्या पीसीवर ‘परीक्षा वेळापत्रक’ दिसतं, माझ्या मोबाइलवर नुसता कचरा. मोठे बाबू म्हणतात, “आमच्याकडं तर बरोबर दिसायलंय की!” आता काय बोलावं?

१.५ वरून २.५, मग ३, असं चढत जाऊ, की एफजी जुमला प्लगइननं सरळ वर्डप्रेसवर (जुमलासारखंच दुसरं सॉफ्टवेअर) नेऊ? आणि डेटाबेसमध्येच श्रीलिपीचं युनिकोड (कुठल्याही मशीनवर दिसणारी अक्षरं) करणारी स्क्रिप्ट कुणाकडं आहे का? जोडाक्षरं अन् रफार न बिघडवणारी पाहिजे. एकेक नोटीस कन्व्हर्टरमध्ये टाकत बसलो तर दिवाळी इथंच होईल.