रि: आखाजीचा हॉल (आणि आप्पांचा एमआरआय)

प्रेषक: मिलिंद
विषय: रि: आखाजीचा हॉल

मंडळी, नमस्कार. चोपड्याहून लिहितोय. लंडनमधल्या आपल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) कार्यक्रमाच्या हॉलचं तुम्ही ठरवा, माझ्या वाट्याचे पौंड पाठवतो. मी आखाजीला इकडेच आहे, खापरावरची पुरणपोळी मायच्या हातची खाणार आहे, तेव्हा जळा.

काम वेगळंच आहे. आमचे आप्पा (वय ७६) गेल्या पंधरवड्यात दोनदा तोल जाऊन खाली बसले. एकदा पहाटे खाटेवरून उठताना, एकदा वावरात मोटर चालू करून वळताना. शिवाय किल्ल्या विसरणं जुनंच, पण केळीचा हिशोब ते आयुष्यभर तोंडी करत आले: किती घड, किती क्विंटल, कटती किती. आता मध्येच थांबतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. विचारलं तर म्हणतात, "माले काय व्हयेल शे? काहीच नई!"

जळगावला नेऊन एमआरआय केला. रिपोर्टात ‘वयानुसार मेंदूचं आक्रसणं, व्हाइट मॅटरमध्ये जुने इस्केमिक बदल, फॅझेकास ग्रेड २’ असं आहे. तिथल्या डॉक्टरांनी "वयाचं आहे, मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालाय" एवढं सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली. गावातला मेडिकलवाला म्हणतो, बाहेरदेशी जिन्कोच्या (एका झाडाच्या पानांच्या अर्काच्या) गोळ्या मिळतात, त्याने रक्तपुरवठा वाढतो. महिन्याभरात इकडे कुणी येणार असेल तर दोन बाटल्या आणाल का?

प्रेषक: विनायक
विषय: रि: रि: आखाजीचा हॉल

मिलिंदा, मी सोळा तारखेला भुसावळला उतरतोय, आणतो. जिन्को मी स्वतः तीन वर्षं घेतोय. फरक काय पडला ते आठवत नाही (विनोद नाही, खरंच आठवत नाही). आप्पांना रोज पाच मिनिटं शीर्षासन करायला लाव, रक्त आपोआप डोक्यात उतरतं. आणि अक्रोड दे. अक्रोडाचा आकार बघ, देवाने खूण करूनच पाठवलाय.

प्रेषक: सचिव
विषय: आप्पांचा एमआरआय (विषय बदलला आहे)

हॉलच्या धाग्यात कृपया हॉलच. चौदा जणांचे पैसे अजून यायचे आहेत. आप्पांची तब्येत सांभाळा.

प्रेषक: शुभदा
विषय: रि: आप्पांचा एमआरआय

विनायककाका, आधी तुम्हाला: ७६ वर्षांच्या, तोल जाणाऱ्या माणसाला शीर्षासन? कृपा करून नको. उलटं उभं राहिल्याने डोळ्यातला दाब मात्र चांगलाच वाढतो. मेंदूचा पुरवठा वाढत नाही, कारण मेंदू तो स्वतःच आवरतो. खरं तर मिलिंददादाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे.

दादा, तू वेगळे पाठवलेले फोटो पाहिले. मी धुळ्याची, इथे म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काम करते, असे रिपोर्ट रोज बघते. सगळ्यांसाठी लिहिते, कारण हा कागद उद्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी येणार आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला साधारण १५ टक्के आणि शरीर वापरतं त्या प्राणवायूतला २० टक्के वाटा त्याचा. मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त. साठवण जवळजवळ नाहीच. पुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. म्हणून सोयही तशीच आहे: मानेच्या पुढून दोन धमन्या, मणक्यांच्या बाजूने दोन, आणि मेंदूच्या तळाशी त्यांना जोडणारं कडं. थॉमस विलिसने १६६४ साली त्याचं वर्णन छापलं. त्या ग्रंथाची चित्रं काढणारा क्रिस्टोफर रेन, म्हणजे लंडनला पाहुणे आले की आपण ज्याचं सेंट पॉल कॅथीड्रल दाखवायला नेतो तोच. एक वाट तुंबली तर कड्यातून दुसरीकडून भागावं अशी ही रचना. सगळ्यांचं कडं पूर्ण नसतं, ते असो.

ही सोय तळाशी. तिथून पुढे मेंदूच्या आत खोल शिरणाऱ्या धमन्या लांब, बारीक आणि एकट्या असतात, त्यांना आधाराला शेजारीण नसते. वर्षानुवर्षं बीपी चढं राहिलं की त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आतली वाट अरुंद होते. त्यांच्या टोकाला जो भाग, तोच व्हाइट मॅटर, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तारा. एमआरआयवर तिथे पांढरे ठिपके दिसतात. फॅझेकासची मोजपट्टी १९८७ ची, ० ते ३. ग्रेड २ म्हणजे ठिपके एकमेकांना भिडायला लागलेत. शब्द अजिबात न आठवणं यापेक्षा विचाराचा वेग मंदावणं, हिशोब मध्येच तुटणं, चाल अडखळणं, हे या दुखण्याचं वळण. तू लिहिलंस ते त्यात बसतं. अल्झायमर नाहीच असं मी इथून म्हणणार नाही, दोन्ही एकत्र असणंही नेहमीचं.

वय वाढतं तसा निरोगी माणसाच्या मेंदूचाही रक्तप्रवाह थोडा थोडा उतरतो आणि मेंदू थोडा आक्रसतो. पण आक्रसलेल्या भागाची मागणीच कमी, म्हणून रक्त कमी जातं, की रक्त कमी जातं म्हणून भाग आक्रसतो? दोन्ही बाजूंनी खरं आहे. म्हणूनच ‘पुरवठा वाढवणारी गोळी’ ही कल्पना मला पटत नाही. जिन्कोचंच बघ: अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या तीन हजारांहून जास्त लोकांना सहाएक वर्षं दिवसाला २४० मिलिग्रॅम किंवा नुसतीच खोटी गोळी दिली. २००८ साली निकाल आला: डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) दोन्हीकडे सारखाच. आणि आप्पा ॲस्पिरिन घेत असतील तर जिन्कोने रक्तस्रावाची भीती वाढू शकते. दोन बाटल्यांचे पैसे वाचव.

ज्याने फरक पडतो ते कंटाळवाणं आहे: बीपी. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात नऊ हजारांवर लोक होते. वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवलं तेव्हा विसरभोळेपणाची पहिली पायरी १९ टक्क्यांनी कमी आढळली. पूर्ण डिमेन्शियाचा फरक मात्र पक्का सिद्ध झाला नाही. पण त्यात मधुमेही घेतले नव्हते, आणि उभं राहिल्यावर ज्यांचं बीपी ११० च्या खाली जातं तेही घेतले नव्हते. म्हणून आप्पांना लगेच १२० वर आणायला निघू नकोस. मेंदू सरासरी दाबाच्या (वरचं-खालचं बीपी मिळून) मोठ्या टप्प्यात, साधारण ६० ते १५०, आपला प्रवाह सारखा राखतो. जुन्या बीपीवाल्यांत हा टप्पा वर सरकलेला असतो, बीपी झटक्यात पाडलं तर त्यांनाच चक्कर येते.

तेव्हा उद्या सकाळी एवढं कर. पाच मिनिटं झोपवून बीपी घे, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी घे. वरचा आकडा २० ने उतरला तर ते लिहून डॉक्टरांना दाखव. गोळ्यांची पाकिटं डोळ्यांनी बघ, "घेतो" या शब्दावर विसंबू नकोस. आणि तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जडावलेलं यातलं काहीही दिसलं तर घड्याळ बघ आणि थेट मोठ्या दवाखान्यात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात.

हो, त्यांना ऐकू नीट येतं का?

प्रेषक: मिलिंद
विषय: रि: आप्पांचा एमआरआय

शुभदाताई, झोपून १७२, उभं राहून तीन मिनिटांनी १४४. म्हणजे २८ चा फरक.

पाकिटं पाहिली. बीपीची गोळी फेब्रुवारीतच बंद! "बीपी नॉर्मल आलं ना, मग कशाला?" लघवीची गोळी मात्र चालू आहे. आणि वावरात पाणी पीत नाहीत, या उन्हात. इथे दुपारी बाहेर पडलं की चप्पल डांबराला चिकटते. चोपड्यातल्या डॉक्टरांना आकडे दाखवले. त्यांनी गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलली, पंधरा दिवसांनी परत बोलावलंय, तोवर हळूहळूच उतरवायचं म्हणाले. उठताना आधी खाटेच्या काठावर दोन मिनिटं बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं, हे मायने मनावर घेतलंय. आता आप्पांची खैर नाही.

तुझी मेल मी त्यांना जमेल तशी वाचून दाखवली. बारीक धमन्यांपाशी आले आणि मला थांबवून म्हणाले, "प्रेशर कमी व्हयनं का शेवटना झाडेसले पानी भेटत नई." मग मला केळीत घेऊन गेले. आमच्याकडे चढउताराच्या वावरात वेगळे ड्रिपर बसवलेत, आत रबरी चकती असते, प्रेशर थोडं कमीजास्त झालं तरी थेंब तेवढेच पडतात. चकती जुनी झाली, क्षार बसले की ते संपतं. मग मोटरचं प्रेशर वाढवलं तर पहिल्या झाडांपाशी नळी सुटते आणि टोकाची झाडं कोरडीच. आप्पांनी ड्रिपर उघडून ती चकती माझ्या तळहातावर ठेवली. कडक, पिवळी. म्हणाले, हिलाच अ‍ॅसिड सोडायला उशीर झाला, दरवर्षी सोडलं असतं तर टिकली असती. स्वतःच्या बीपीच्या गोळीविषयी बोलतायत हे त्यांना कळत होतं की नाही, मी विचारलं नाही.

ऐकायचं म्हणशील तर टीव्हीचा आवाज चाळीसवर असतो. हिशोब विसरतात की भाव नीट ऐकूच येत नाही, हे मी आजवर तपासलंच नव्हतं. जळगावला कान तपासायची वेळ घेतली आहे.

विनायककाका, जिन्को नको. दंडाला बांधायचं बीपी मशीन आणा, मनगटाचं नको, आणि पट्टा मोठा बघा, आप्पांचे दंड अजून पैलवानाचेच आहेत. पैसे हॉलच्या पैशांबरोबर पाठवतो.

प्रेषक: विनायक
विषय: रि: आप्पांचा एमआरआय

आणतो. दोन आणतो, एक माझं.

प्रेषक: सचिव
विषय: रि: आप्पांचा एमआरआय

मिलिंद, हॉलचे पैसे मिळाले. आता तेरा जण.