मदत हवी आहे: सेल्बूचे आठ पाकळ्यांचे फूल जाळीच्या विणीत कसे बसवावे?

नमस्कार. मी नॉर्वेमध्ये ट्रोनहाइमला राहते आणि नाशिकला असलेल्या आईसाठी स्वेटर विणायला घेतला आहे. आखणीतच दोन ठिकाणी काम अडले आहे, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

ट्रोनहाइमजवळच्या सेल्बू गावचे आठ पाकळ्यांचे फूल विणकाम करणाऱ्या बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिले असेल. मारित गुल्सेटब्रेन्ना एमस्टाड या तरुणीने १८५७ मध्ये काळ्या-पांढऱ्या हातमोज्यांवर ते विणले आणि तेव्हापासून ते सेल्बूची ओळख झाले, असे इथे सांगितले जाते. मूळ पद्धत दोन रंगांची आहे. ज्या रंगाचा टाका नसेल त्या रंगाची लोकर मागून आडवी न्यावी लागते, त्यामुळे कापड दुहेरी आणि चांगलेच उबदार होते. इथल्या हिवाळ्यात ते हवेच; नाशिकला मात्र ऊन वर आले की आई असा स्वेटर अंगावर ठेवणार नाही. म्हणून तेच फूल एका रंगात, जाळीच्या विणीत आणायचे ठरवले आहे. लोकर मोतिया रंगाची निवडली आहे, कारण आई स्वेटर साडीवर घालते आणि छिद्रांतून दिसणारा साडीचा गडद रंगच दुसऱ्या रंगाचे काम करेल.

आता अडचण सांगते. माझ्याकडे दुपदरी नॉर्वेजियन लोकर आहे (५० ग्रॅममध्ये १७५ मीटर) आणि मी ४ मिलिमीटरच्या गोल सुईवर विणते. नमुन्याचा तुकडा धुऊन, ताणून वाळवल्यावर १० सेंटिमीटरमध्ये आडवे २२ टाके आणि उभे ३० फेर येतात. फुलाचा आलेख २५ बाय २५ चौकटींचा आहे. दुरंगी विणीत टाका जवळजवळ चौरस असतो, म्हणून तिथे फूलही चौरस येते. जाळीत मी एकाआड एक फेर साधा सुलट विणला, तर २५ ओळींचे जवळपास ५० फेर होतात आणि फूल ११.४ सेंटिमीटर रुंद पण १६.७ सेंटिमीटर उंच होते. प्रत्येक फेरात जाळी घेतली, तर उंची जेमतेम ८.३ सेंटिमीटर राहते आणि फूल चेपल्यासारखे दिसते. शिवाय प्रत्येक छिद्रासाठी दोन टाके एकत्र विणून एक घट करावी लागत असल्यामुळे एक छिद्र दोन टाक्यांची जागा अडवते, आणि पूर्ण पाकळी छिद्रांनी भरली की तिच्या कडा पुसट होतात.

दुसरा प्रश्न मुंढ्याचा आहे. इथे स्वेटर नळीसारखा गोल विणतात आणि मुंढ्याच्या जागी शिवणयंत्राने टीप मारून कापड सरळ कात्रीने कापतात. जाळीच्या कापडावर हे धाडस करावे का? कुणी केले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद:

ताई, तुमची मापे नेमकी आहेत, त्यामुळे उत्तर त्यांतूनच काढता येते. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० फेर म्हणजे साधारण तीन टाक्यांची रुंदी चार फेरांच्या उंचीइतकी आहे. तेव्हा सलग तीन फेरांत जाळी विणून ती दर फेरात एका टाक्याने सरकवा आणि चौथा फेर साधा सुलट विणा. तिरकी रेषा जवळजवळ ४५ अंशांत येईल, आलेखाच्या २५ ओळींचे ३३ फेर होतील आणि फूल ११ सेंटिमीटर उंच, म्हणजे रुंदीच्या अगदी जवळ येईल. तुम्ही गोल विणत असल्याने सुलट बाजू सतत समोर असते, म्हणून सलग फेरांतली जाळी जड जाणार नाही.

पाकळ्या छिद्रांनी भरू नका. पाकळीचे पोट साधे सुलट ठेवून फक्त तिची कड छिद्रांनी रेखाटावी, असे मला वाटते. साडीवर तेच अधिक उठून दिसेल. वर जाताना उजवीकडे सरकणाऱ्या रेषेत दोन टाके एकत्र सुलट विणून मग सुईवर लोकर घ्यावी. डावीकडे सरकणाऱ्या रेषेत आधी लोकर घ्यावी, मग दोन टाके सुलट विणायच्या पद्धतीने एकेक करून न विणता उचलावेत आणि मागच्या बाजूने एकत्र विणावेत. अशाने घट रेषेच्याच दिशेने झुकते आणि कड स्वच्छ येते. फुलाच्या दोन बाजू आरशातल्यासारख्या असल्याने दोन्हीकडचा तिरपेपणा एकमेकांना सांभाळून घेतो आणि कापड एका अंगाला ओढले जात नाही. पाकळीच्या उभ्या कडेला मात्र दोन छिद्रांमध्ये एक साधा फेर हवाच. तिथे दर फेरात छिद्र घेतले तर शिडीसारखी फट पडते.

कात्रीबद्दल माझे मत सावध आहे. दुरंगी विणीत मागचे आडवे धागे आणि खरबरीत लोकर टाक्यांना धरून ठेवतात. जाळीला तो आधार नसतो. कापायचेच असेल तर मुंढ्याच्या जागी सात-आठ साध्या सुलट टाक्यांची पट्टी जास्तीची विणा, पट्टीच्या मध्याच्या दोन्ही अंगांना यंत्राने दोन-दोन बारीक टिपा मारा आणि मगच मधोमध कापा. मी स्वतः मुंढ्यापर्यंत गोल विणून पुढे पाठ आणि पुढा वेगवेगळे, मागे-पुढे विणले असते. तसे करायचे असल्यास फुलांची रांग मुंढ्याच्या खालीच संपवा, कारण वर दर दुसरी ओळ उलट बाजूने येते आणि तिथे सलग ओळींतली जाळी त्रासाची होते. छाती-खांद्याच्या भागात नॉर्वेतल्या सेतेस्दाल खोऱ्यातल्या स्वेटरांवर असतात तसे विखुरलेले ठिपके एकेरी छिद्रांनी काढता येतील. ती छिद्रे फक्त सुलट ओळींत घ्या आणि एका ओळीत घट उजवीकडे, तर पुढच्या छिद्रांच्या ओळीत डावीकडे झुकू द्या.