अण्णांसाठी फोन: उन्हात दिसला पाहिजे, बोटाला लागला पाहिजे

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. वडिलांसाठी नवा फोन घ्यायचाय. अण्णांचं वय ६४, निफाड तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. बजेट अठरा हजार, फार तर वीस. मी पुण्यात असतो, शनिवारी घरी जाणार आहे.

इथले जुने धागे वाचले. सगळीकडे गेमिंग, प्रोसेसर, सेल्फी. अण्णांचं काम वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मागच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर बागेत होतो. छाटणी होऊन फुटी निघाल्यात, त्यात हवा ढगाळ झालेली, त्यामुळे डावणी रोगाची धास्ती. त्या दिवशी मात्र दहा वाजता कडक ऊन पडलं होतं. एका पानाच्या मागे पांढुरकं काहीतरी दिसलं, सल्लागारांना फोटो पाठवायचा होता. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, फोनवर आडवी धरली आणि त्या सावलीत डोकं घालून व्हॉट्सॲप शोधलं. मग अंगठ्याने फोटोचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. अंगठा पायजम्याला पुसला, परत दाबलं. चौथ्या वेळेला फोटो निघाला, तोही हललेला. शेवटी मी माझ्या फोनवर काढून पाठवला. ते काही बोलले नाहीत, फक्त त्यांचा फोन खिशात ठेवला. मला ते फार लागलं. रोज मी तिथे नसतो.

चाळीस वर्षं कात्री चालवून त्यांचा उजवा अंगठा घट्ट्यांनी कडक झालाय, वरून चिरा. रेशनच्या मशीनवरही तो लागत नाही. फोनचं फिंगरप्रिंट तर त्यांनी कधीच सोडून दिलं.

बाकी वापर म्हणजे फवारणीचा ब्लोअर सुरू असताना कॉल ऐकू येणं, हवामान, बाजारभाव, ई-पीक पाहणी (त्यात गटात उभं राहूनच फोटो काढावा लागतो, लोकेशन नीट हवं), यूपीआय. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर मोबाईलवरून चालतो, त्यासाठी वेगळं सिम ठेवतो, म्हणून दोन सिम हवीतच.

दोन प्रश्न. टच लागत नाही हा दोष फोनचा की अंगठ्याचा? आणि ऑनलाइन सेलमध्ये दीड हजार वाचतायत, तर मागवून टाकू का?

फोटोवाला_नगर

पानाच्या फोटोपुरतं सांगतो. स्वस्त फोनमध्ये दोन मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो’ कॅमेरा देतात, त्याच्या नादी लागू नका. पानावरचा डाग त्यात धुरकट येतो. मुख्य कॅमेऱ्यानेच वीतभर लांबून, दोनपट झूम करून काढायचा. पानाच्या मागच्या बाजूवर आपल्या शरीराची सावली पडली की रंग खरे येतात. आणि आवाजाच्या बटणाने फोटो निघतो, हे अण्णांना आजच फोनवर सांगा. बटणाला अंगठा कसाही चालतो.

पाना_पेचकस

संगमनेरला चौदा वर्षं मोबाईल दुरुस्ती करतो. अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक शेतकरी, त्यामुळे तुमचं दुखणं रोज बघतो.

दोष दोघांचाही नाही. या स्क्रीनला बोटातल्या ओलाव्याचा आणि विजेचा स्पर्श लागतो. कातडी कोरडी आणि जाड झाली की तो क्षीण होतो. त्यावर आपण जाड टेम्पर्ड काच चिकटवतो, आणि ती एका कोपऱ्यात उचलली की आत धूळ. आधी अण्णांच्या जुन्या फोनची काच काढून बघा. माझ्याकडे असे कितीतरी फोन ‘डिस्प्ले बदला’ म्हणून येतात आणि फक्त काच काढली की चालतात. नवीन घ्याल त्यात टच सेन्सिटिव्हिटी किंवा ग्लोव्ह मोड नावाची सेटिंग आहे का बघा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्येच असते. काच लावलेल्या फोनसाठीच दिलेली आहे ती.

उन्हासाठी ॲमोलेड जातीचा स्क्रीन पाहा आणि ब्राइटनेस निट्समध्ये, म्हणजे उजेडाच्या मापात, विचारा. कागदावर ‘हाय ब्राइटनेस मोड’चा आकडा हजाराच्या आसपास किंवा वर असावा. ऑटो ब्राइटनेस सुरूच ठेवायचा, कारण बऱ्याच फोनमध्ये तो जादा उजेड फक्त ऑटोवर असतानाच मिळतो. लोक बॅटरी वाचवायला ऑटो बंद करतात आणि मग उन्हात दिसत नाही म्हणतात. फोन तापला की तो स्वतःच उजेड कमी करतो. ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवू नका.

आयपी रेटिंगवर, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाच्या आकड्यावर, विसंबू नका. ती चाचणी साध्या पाण्याची असते, औषधाच्या पाण्याची नाही. फवारणीनंतर ओल्या फडक्याने पुसायचा, चार्जिंगची पिन कोरडी झाल्याशिवाय लावायचा नाही. पाणी शिरलं तर वॉरंटीत सहसा बसत नाही.

फाइव्ह-जी घ्यायचाच असेल तर बँड, म्हणजे फोन नेटवर्कच्या कोणत्या लहरी पकडतो ते, बघा. जिओचा ७०० मेगाहर्ट्झ, म्हणजे एन२८, लांब पोचतो, खेड्यात त्याचाच आधार. काही बाहेरून आणलेल्या फोनमध्ये तो नसतो. बिल पक्कं घ्या, १८ टक्के जीएसटी लावलेलं. डबा उघडल्यावर *#०६# दाबा, येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, डब्यावरच्याशी जुळवा आणि सरकारच्या संचार साथी साइटवर टाकून बघा.

आता ऑनलाइनचं. हा फोन ऑनलाइन मागवू नका. दीड हजार वाचतील, पण अण्णांचा अंगठा कुरिअरने पाठवता येत नाही. त्यांना दुकानात घेऊन जा. डेमोचा फोन मागा, दुकानाबाहेर उन्हात उभं राहा, त्यांनाच फोटो काढू द्या. तुम्ही हात लावू नका.

माहेरवाशीण

वरच्या दादांचं शेवटचं वाक्य अगदी खरं. आईला मी लांबूनच फोन पाठवला होता. छान होता, पण तिच्या मुठीत मावत नव्हता. तिने तो कपाटात ठेवला आणि जुनाच वापरत राहिली.

फिंगरप्रिंटचं म्हणाल तर डाव्या हाताची अनामिका द्या. कामात ते बोट सगळ्यात कमी झिजतं. तेच बोट दोनदा नोंदवा, एकदा सरळ, एकदा तिरकं धरून. आईचं त्याने जमलं.

द्राक्षवेल

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो, काय झालं ते लिहितो.

आधी घरी जुन्या फोनची काच काढली. खाली निळसर पावडर बसली होती, बोर्डो फवारणीची असणार. टच बराच सुधारला. अण्णा म्हणाले, ‘मग नवीन कशाला?’ पण उन्हात दिसेना ते दिसेनाच, आणि यूपीआयचं ॲप त्या फोनवर आता चालत नाही, म्हणून निघालोच.

तालुक्याच्या दुकानात तीन फोन काढायला लावले. पहिल्या दुकानदाराने डेमो बाहेर न्यायला नाही म्हटलं. आम्ही दुसरीकडे गेलो. तिथला मुलगा स्वतः आमच्याबरोबर रस्त्यावर आला. दुपारचा एक वाजला होता. शेजारी पेरूची गाडी उभी होती, अण्णांनी एक पेरूचं पान उलटं केलं आणि एकेका फोनवर फोटो काढला. पहिल्यात स्क्रीनवर त्यांचंच तोंड दिसत होतं. दुसऱ्यात दिसलं, पण फोन रुंद, अंगठा बटणापर्यंत पोचेना. तिसरा सॅमसंगचा गॅलॅक्सी ए१६. त्या मुलाने टच सेन्सिटिव्हिटी सुरू करून दिली. अण्णांनी एकदाच दाबलं. मी बाजूला उभा होतो, हात मागे बांधून.

ऑनलाइनचा भाव दाखवला तर नऊशे कमी केले आणि कव्हर दिलं. डब्यात चार्जर नाही, तो वेगळा घ्यावा लागला, हे आधी विचारून ठेवा. काच लावू दिली नाही. फोन बाजारात आल्यापासून सहा वर्षं अपडेट आहेत, म्हणजे अजून काही वर्षं बघायला नको. आयएमईआय जुळला. ताईंनी सांगितल्याप्रमाणे अनामिका नोंदवली, दहातल्या सात-आठ वेळा उघडतो.

ब्लोअरच्या आवाजात कॉल अजूनही नीट ऐकू येत नाही. त्याला कुणाकडे काही उपाय असेल तर सांगा, कानात घालायचं काही ते वापरणार नाहीत.

आज सकाळी पावणेआठला पुण्यात बसमध्ये होतो. अण्णांचा फोटो आला. पानाची मागची बाजू, कडेला त्यांचं नख, डाग स्पष्ट. खाली लिहिलंय, ‘डावणी नाही. खताचा शिंतोडा आहे.’